पालथी गुमटं

जोयडा तालुक्यात, दिग्गीच्या वरच्या अंगाला सतरा घरांची एक वाडी आहे. तिथे धड बस जात नाही, मग युद्ध कुठून जाणार? पण मे महिन्यातल्या त्या बुधवारी ते पोचलं आणि थेट महाबळेश्वराच्या पडवीत जाऊन बसलं, कारण सोलरवर चालणारा वाडीतला एकुलता एक टीव्ही तिथे होता.

महाबळेश्वर म्हणजे देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष. तरुणपणी दोन वर्षं होमगार्डमध्ये काठी धरून उभा राहिला होता, तेवढ्या शिदोरीवर त्याने वाडीपुरतं युद्ध आपल्या हातात घेतलं. पहिलं काम ब्लॅकआउटचं. वाडीची वीज सोमवारच्या वाऱ्यात गेली होती ती अजून आली नव्हती. तरी हा फोनला रेंज मिळते त्या खडकावर चढला आणि जोयड्याला कुणाला तरी कळवून आला, की आमच्याकडे ब्लॅकआउट शंभर टक्के. समोरच्याने म्हणे शाबासकी दिली. लाइनमनला मात्र त्याने फोन केला नाही.

येसूला या युद्धाची हौस नव्हती, कारण तिचा मुलगा शिवानंद सीमेवर होता. साऱ्या वाडीतून सैन्यात गेलेला तो एकटाच. बहिणीच्या लग्नाला पंधरा दिवसांची रजा मिळाली होती, ती रद्द झाली. सोमवारी त्याचा फोन आला तेव्हा म्हणाला, "आयी, आता फोन जमा करून घेत्यात. चार-आठ दिस बोलणं व्हायचं न्हाई. पर रक्षाचं लगीन थांबवू नगो. माझ्यापायी तिचा मुहूर्त मोडला तर मला हितं जेवण जायचं न्हाई." येसूने शब्द दिला. त्यानंतर तिला एकच काम होतं, शुक्रवारी लग्न लावायचं. ती हळद कुटत होती, तांदूळ निवडत होती, पातळं मोजत होती.

गुरुवारी सकाळी महाबळेश्वराने देवळात बैठक बोलावली. आदल्या दिवशी टीव्हीवर त्याने एक शहरातला मोठा गवई पाहिला होता. त्या गवयाने आपला कार्यक्रम रद्द केला, वाद्यं कॅमेऱ्यासमोर खाली मांडली आणि डोळे पुसले. ते महाबळेश्वराच्या फार मनात भरलं होतं. गवयाच्या कार्यक्रमाची तिकिटं खपली होती की नव्हती, हे टीव्हीने सांगितलं नव्हतं.

"युद्ध हाय तवर वाडीत वाजप बंद," महाबळेश्वर म्हणाला. "तिकडं जवान गोळ्या झेलणार आन हितं आमी गुमटं बडवत नाचणार?"

गुमट म्हणजे मातीच्या मडक्याच्या तोंडावर कातडं ताणून केलेलं वाद्य. पूर्वी ते कातडं घोरपडीचं असे. जंगलखात्याच्या धाकाने आता बकऱ्याचं लावतात, आणि धाकलूच्या मते तेव्हापासून आवाजही बकऱ्यासारखाच येतो. धाकलू हा वाडीतला सगळ्यात जुना वाजवणारा. वाडीची चारही गुमटं देवळात त्याच्याच ताब्यात असत.

"अरे, उद्या येसूअक्काच्या पोरीचं लगीन," धाकलू म्हणाला. "वऱ्हाड देवळाजवळ उतरणार. गुमटं वाजली तरच ते वाडीत पाय घालतंय. न्हाईतर बोलावणं कसं करायचं?"

"मुकाट्यानं हात जोडून यायचं. शोभतं त्ये."

येसू उठून उभी राहिली. "त्यो जवान माझाच हाय, भावोजी. त्येनंच सांगितलंय लगीन कर म्हणून."

"लगीन कर की. कोण नगो म्हणतंय? पर वाजप न्हाई. आन वैनी, सैनिकाच्या आईनंच असं बोलाय लागल्यावर बाकीच्यांनी काय करायचं?"

आजवर येसूला कुणी सैनिकाची आई म्हणून बसायला पाटसुद्धा दिला नव्हता, आणि आता त्याच नावाने तिचं तोंड बंद केलं होतं. बाकीचे पुरुष खांबाकडे, छपराकडे, आपापल्या पायांकडे बघत बसले. महाबळेश्वराशी वाकडं घेतलं तर रेशनकार्डाच्या कागदांसाठी जोयड्याला सोबत कोण येणार? तिने मनाशी म्हटलं, जाऊ दे वाजप, लग्न लागतंय ना.

तेवढ्यावर थांबेल तर तो महाबळेश्वर कसला. गुमटं नुसती खुंटीला राहिली तर मानवंदना दिसणार कशी? त्याने ती देवळाच्या ओट्यावर मांडायला सांगितली, चारही, तोंड खाली करून.

धाकलूच्या हातातली चंची खाली पडली. "पालथी? पालथी गुमटं मयताला ठेवत्यात. वाडीत कोण गेलं तर बाराव्यापातूर. हे काय तुला म्हाईत न्हाई?"

"जुनं झालं त्ये. ही मानवंदना हाय. टीव्हीवर बघितलंय मी."

टीव्हीवर बघितलंय म्हटल्यावर धाकलूचा इलाज चालेना. त्याने गुमटं पालथी मांडली आणि महाबळेश्वराने त्यांचे सहा फोटो काढले. अणशीहून येणाऱ्या वऱ्हाडाला हा नवा अर्थ कळवायला हवा होता, पण ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

शुक्रवारी दहाच्या सुमाराला अणशीहून दोन जीप आल्या. नवऱ्या मुलाचा बाप लखू पुढे उतरला, मुंडासं सारखं करत बोलावण्याची वाट बघत उभा राहिला, आणि त्याची नजर ओट्यावर गेली. चार गुमटं पालथी. या डोंगरातल्या कुठल्याही गावात त्याचा एकच अर्थ होतो. आणि पोरीचा भाऊ कुठे आहे ते लखूला ठाऊक होतं. त्याने मुंडासं काढून काखेत घेतलं. नवऱ्या मुलाच्या, प्रशांतच्या, कपाळावरच्या मुंडावळ्या त्याच्या आत्याने सोडवल्या. बायकांनी तिथेच गळा काढला आणि अख्खं वऱ्हाड रडत-ओरडत येसूच्या घराकडे निघालं.

येसू आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. व्याही बोडक्या डोक्याने येतोय, नवरदेवाच्या कपाळाला काही नाही, बायका ऊर बडवताहेत. अणशीला रेंज असते, हे तिला ठाऊक होतं. वाटेत यांना बातमी लागली, एवढं तिला कळलं. ताट हातातून गेलं. रक्षा हळदीच्या अंगाने धावत आली आणि आईला बघून तिच्या गळ्यात पडली. येसू रडते म्हटल्यावर लखूची उरलीसुरली शंका फिटली, आणि लखू रडतो म्हटल्यावर येसूची. पाहता पाहता मांडवात सगळी वाडी रडू लागली.

महाबळेश्वर आला तो पांढरा शर्ट घालूनच. त्याने कुणाला काही विचारलं नाही. मांडवात उभा राहून त्याने "आपल्या वाडीचा वाघ" असं म्हणून पाच मिनिटं भाषण केलं, मग शिवानंदचा फोटो मोबाइलवर शोधत खडकावर चढला आणि जितके म्हणून ग्रुप होते तितक्यांवर बातमी टाकून आला. लाइनमनसाठी न चढलेला माणूस यासाठी दम न खाता चढला.

येसूने मात्र तेवढ्या वेळात डोळे पुसले होते. रडण्याला शेवट नव्हता, पण तिला ऐकायचं होतं, कसं झालं, कुठे झालं, पोराला कुणी पाणी तरी दिलं का. तिने लखूचा हात धरला.

"इवायनु, तुमास्नी कुणी सांगितलं?"

"आमास्नी?" लखू गोंधळला. "तुमीच की. गुमटं पालथी घातलासा न्हवं?"

"मंजे फोन न्हाई आला?"

"न्हाई. तुमास्नी आला असंल म्हटलं आमी."

मग धाकलूने मान खाली घालून सगळं सांगितलं, मानवंदना, टीव्ही आणि तो गवई.

येसू तडक देवळाकडे निघाली, मागे सगळं वऱ्हाड. तिने एक गुमट उचलून सरळ केलं आणि गळ्यात अडकवलं. आमच्याकडे बायका गुमटाला हात लावत नाहीत, तिलाही कधी लावायची वेळ आली नव्हती. तिने ते कसंही बडवलं. ताल नव्हता, ठेका नव्हता. ती रागावली होती आणि घाबरलेलीही होती, कारण शिवानंद जिवंत आहे असंही अजून कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या हाती एवढंच होतं, की तो गेला असं कुणी सांगितलेलं नाही.

महाबळेश्वर खडकावरून उतरून घामाघूम उभा होता. "वैनी, युद्ध चालू हाय," तो म्हणाला.

"चालू दे. माझं पोरगं लढतंय की तिकडं. तू हितं कशाला दमतोस?"

धाकलूने दुसरं गुमट उचललं. लखूने मुंडासं बांधलं. मुहूर्त अर्धा तास टळला, पण भटजींना जोयड्याला परतायचं होतं, त्यांनी दुसरा लगेच काढून दिला. रक्षाचं लग्न लागलं.

शनिवारी युद्ध थांबलं. रविवारी सकाळी येसू खडकावर जाऊन बसली ती उन्हं डोक्यावर येईपर्यंत. फोन वाजला.

"आयी, मी बरा हाय," शिवानंद म्हणाला. "फोन हातात आला आन बघतोय तर मी मेलोय. दोनशे जणांनी हात जोडल्यात."

आपण किती रडलो हे तिला कळलंच नाही. तो तिकडून सारखा म्हणत होता, अगं बोल तरी, पैसे जात्यात. ती घरी परतली तेव्हा पायांखाली वाट आहे की नाही, याची तिला शुद्ध नव्हती.

अंगणात दोन गाड्या उभ्या होत्या. जोयड्याचे एक पुढारी, त्यांची पाच-सहा माणसं, झेंडूचा मोठा हार आणि शिवानंदचा माणसाएवढा बॅनर. महाबळेश्वराने ग्रुपवरची बातमी काढून टाकलीच नव्हती. एवढे हात जोडलेले बघून त्याला ती काढवेना.

"जित्ता हाय," येसू हसत म्हणाली. "आत्ताच बोलला माझ्याशी."

पुढाऱ्यांनी बॅनरकडे पाहिलं. मग महाबळेश्वराकडे पाहिलं. मग हार धरलेल्या माणसाला हळूच विचारलं, "सायंकाळी रामनगरला दुसरं कुठलं काय हाय का? हार तरी चालंल तिथं." येसूने त्यांना लग्नातले लाडू वाढले, ते त्यांनी उभ्याउभ्याच खाल्ले. बॅनर गुंडाळताना त्याची काठी मोडली.

गाडीत बसण्याआधी पुढाऱ्यांनी सवयीने येसूच्या खांद्यावर हात ठेवला. "अक्का, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले.

"मला न्हाई वाटत," येसू म्हणाली. "तुमास्नी वाटतंय, ते दिसतंय."