एका नंबराचे दोन धनी

वजुभाई मिस्त्रींनी रॅकवरून चार हजार एकशे बारा नंबरचा प्लास्टरचा साचा उचलला, टेबलावर ठेवला आणि कपाळावरचा चष्मा नाकावर आणून कॉम्प्युटरवरचं कार्ड वाचलं. प्रतापसंग राणा, निवृत्त हवालदार, मुक्काम लिंबडी, उंची सहा फूट एक इंच. मग त्यांनी पुन्हा साच्याकडे पाहिलं. साचा जेमतेम त्यांच्या मनगटाएवढा जाड होता.

"निमिषा!" त्यांनी कार्यशाळेतूनच हाक मारली. "ये गं बेटा इकडे. हा हवालदार धुण्यात आटलाय का बघ."

निमिषा परमार पलीकडच्या खोलीतून आली. सुरेंद्रनगरच्या पगभर ट्रस्टमध्ये ती टायपिस्ट म्हणून लागली आणि कागदोपत्री अजूनही टायपिस्टच होती. पण कृत्रिम पायासाठी येणाऱ्या प्रत्येक माणसाचं कार्ड ज्या एका फाइलीत असे, ती फाइल तिनं दोन वर्षं खपून, पुस्तकं वाचून, चुकत-माकत उभी केली होती. तीन कॉम्प्युटर आणि एक फाइल असा तो संसार होता. फाइल निमिषाच्या कॉम्प्युटरवर राहायची आणि बाकीचे दोघं आपापल्या जागेवरून तिच्यात लिहायचे. खिडकीवर हसुमतीबेन रावल नव्या माणसाचं नाव-गाव लिहीत, कार्यशाळेत वजुभाई मापं लिहीत, आणि निमिषा त्या दोघांच्या मागून निस्तरत हिंडत असे.

तिनं कार्ड बघितलं, साचा बघितला. साच्यावर खडूनं लिहिलेला नंबर बरोबर होता. तिनं पुढचं कार्ड उघडलं. चार हजार एकशे तेरा, चोटिल्याचे एक मास्तर. त्यानंतर दोन नव्या माणसांची कार्डं, आणि मग फाइल संपलीच.

"काका, खाराघोडाच्या शिबिरातली माणसं कुठायत?"

"कुठायत म्हणजे? तुझ्या फाइलीत! गुरुवारी चार ते सहा बसून मी स्वतः भरली, एका बोटानं, सत्तावीस माणसं. बोट दोन दिवस शेकत होतो."

फाइलीत सत्तावीसपैकी एकही नव्हतं. रॅकवर सत्तावीस साचे नंबर लावून ओळीनं उभे होते, पण ते कुणाचे, उंची किती, डावा की उजवा, हे सांगणारं कार्ड नाही. शिबिरातल्या कागदाच्या चिठ्ठ्या? त्या वजुभाईंनी चहाच्या चुलीत घातल्या होत्या, आणि तेही निमिषाच्याच हुकमावरून. 'एकदा कॉम्प्युटरात गेलं की कागद फाडायचा, दोन ठिकाणी लिहिलं की दोन खोटं होतात,' असं तिनंच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

ही माणसं मीठ पिकवणारी. नवरात्र नऊ दिवसांवर आलं होतं, आणि दसरा झाला की ही सगळी कुटुंबं रणाच्या खाऱ्या वाळवंटात, मिठागरांवर राहायला जाणार होती. मग उन्हाळा सरेपर्यंत कुणी परतत नाही. पाय दसऱ्याआधी मिळाले तर मिळाले, नाहीतर सत्तावीस जणांनी आठ महिने कुबडीवर खाऱ्या चिखलात काढायचे. शिबिर पुन्हा भरवावं तर मापं घेणारे डॉक्टर दिवाळीपर्यंत मोकळे नव्हते.

विश्वस्त मनहरभाई शाह दुपारच्या आत येऊन धडकले. कापसाचे व्यापारी, मनानं वाईट नाहीत, पण कॉम्प्युटरवर त्यांचा पहिल्यापासून राग होता.

"मी म्हणालो नव्हतो? तीन तिघाडा, काम बिघाडा!" ते म्हणाले. "एका फाइलीत तिघांनी हात घालायचे म्हणजे दुसरं काय होणार? रजिस्टर कधी हवेत विरलेलं ऐकलंय का? गुरुवारी संध्याकाळपर्यंत ती माणसं सापडली तर ठीक. नाहीतर सोमवारपासून रजिस्टर, आणि या डबड्यांवर कापड."

रजिस्टर हवेत विरत नाही हे खरं. निमिषाचं कार्ड मात्र याच ट्रस्टच्या रजिस्टरातून वाळवीनं खाल्लं होतं, ती अकरा वर्षांची असताना. वाढत्या वयाच्या मुलीला दरवर्षी नवा पाय लागतो. तिला त्या वर्षी तो मिळाला नाही आणि सातवीचं अख्खं वर्ष ती कुबडीवर शाळेत गेली. पुढचे सगळे पाय वजुभाईंनी केले. ती फाइल करायला बसली होती ती त्या एका वर्षाच्या रागानं. पण यातलं काही मनहरभाईंना सांगण्यात अर्थ नव्हता. "गुरुवारपर्यंत द्या," एवढंच ती म्हणाली.

दर शनिवारी ती फाइलीची एक नक्कल पेनड्राइव्हवर ठेवत असे. तीही उघडून पाहिली. तीतही हवालदारच होता. तिनं हसुमतीबेनना विचारलं, तर विचारून व्हायच्या आत त्या म्हणाल्या, "मी काही हात लावला नाही गं बाई. मी आपली लिहिते आणि घरी जाते."

मंगळवारी एक वाजता सुरेंद्रनगर नेहमीसारखं झोपायला गेलं. दुकानांची शटरं खाली आली, वजुभाईंनी हात धुतले आणि घरी गेले. निमिषाही रोज जायची, पण त्या दिवशी घास उतरणार नव्हता म्हणून ती राहिली. हसुमतीबेन कायमच थांबत; त्यांची मुळी गावाला जाणारी बस संध्याकाळी साडेसहाला, मधल्या वेळात जाणार कुठे? खिडकीबाहेर दोन माणसं उभी होती. हसुमतीबेननी एकाचं नाव लिहिलं, बटण दाबलं, आणि कॉम्प्युटरनं नकार दिला. दुसरं कुणीतरी लिहीत आहे, थांबा, असा.

हसुमतीबेन थांबल्या नाहीत. त्यांनी अख्खी फाइल उचलून आपल्या कॉम्प्युटरवर तिची नक्कल केली आणि शांतपणे तीत लिहायला सुरुवात केली.

निमिषा खुर्चीवरून उठली. "हे काय करताय?"

"रोजचंच. म्हणजे रोज नाही, वजुभाई कार्ड उघडं टाकून जातात तेव्हा. मग हे मेलं मला लिहूच देत नाही. बाहेर माणूस उन्हात एका पायावर उभा. त्याला काय सांगू, आमचे मिस्त्री झोपलेत, चारला ये? म्हणून फाइल माझ्याकडे घेते, लिहिते, आणि संध्याकाळी सगळे गेले की जागच्या जागी नेऊन ठेवते."

"ठेवताना कॉम्प्युटर काही विचारत नाही?"

"विचारतो ना! जुन्याच्या जागी हे ठेवू का, म्हणतो. मी म्हणते, ठेव बाबा."

निमिषाला सगळं एका क्षणात दिसलं. गुरुवारी दुपारी घेतलेली नक्कल. त्यानंतर चार ते सहा वजुभाई खऱ्या फाइलीत लिहिणार, पुढचा मोकळा नंबर चार हजार एकशे बारा. हसुमतीबेनच्या नकलेतही पुढचा मोकळा नंबर तोच. एका नंबराचे दोन धनी झाले, आणि संध्याकाळी एका धन्यानं दुसऱ्याला घराबाहेर काढलं. आणि हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं.

तिच्या तोंडावर शब्द आले होते, चांगले तिखट. पण हसुमतीबेनचा चेहरा पांढरा पडला होता.

"निमि, खाराघोडाची माणसं माझ्यामुळे गेली का गं?"

"फाइलीवर फाइल ठेवली की खालची पुसली जाते, बेन," निमिषा म्हणाली.

"पुसली कशी जाईल?" हसुमतीबेन एकदम दुखावल्या. "नवी ठेवायच्या आधी जुनी मी माझ्याकडे काढून ठेवते. देवावरचं निर्माल्य आपण उकिरड्यावर टाकत नाही, आणि ही तर माणसांची नावं!"

त्यांनी एक कप्पा उघडून दाखवला. एकोणीस फाइली एकाखाली एक. प्रत्येकीला गुजराती तिथीचं नाव. श्रावण सुद आठम, श्रावण वद चौदश, भादरवा सुद त्रीज. आणि सगळ्यांत खाली, गेल्या गुरुवारची, भादरवा वद बीज, म्हणजे भाद्रपद वद्य द्वितीया.

निमिषानं ती उघडली. चार हजार एकशे बारा, जिवीबेन ठाकोर, खाराघोडा, वय अडतीस, उजवा पाय गुडघ्याखाली. तिच्याखाली बाकीचे सव्वीस. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. निमिषानं हसुमतीबेनना मिठी मारली आणि मग दोघीही रडल्या, खिडकीबाहेरची माणसं बघत असताना.

पण माणसं सापडली म्हणजे काम झालं असं नव्हतं. श्रावणापासून एकोणीस वेळा असं झालं होतं आणि प्रत्येक जुन्या फाइलीत काहीतरी असं होतं जे दुसरीकडे कुठेच नव्हतं. एकेका नंबरावर दोन-दोन माणसं बसली होती. खरा धनी कोण हे कॉम्प्युटर सांगू शकत नव्हता. ते सांगू शकत होता साचा, आणि साचा वाचू शकत होते फक्त वजुभाई. दिवसभर कार्यशाळेत गर्दी. मोकळा वेळ म्हणजे एक ते चार. सुरेंद्रनगरात माणसाकडे एक वेळ जमीन मागावी, दुपारची झोप मागू नये.

वजुभाई चारला परतले तेव्हा निमिषानं आधी वेगळंच विचारलं. "काका, तुम्ही कार्ड उघडं का ठेवून जाता?"

"मग काय बंद करू?" वजुभाई चकित झाले. "पाय लावून माणूस दारातून चालत बाहेर जात नाही तोवर त्याचं कार्ड मिटायचं नाही. माझ्या बापानं शिकवलंय. आधी कागद होता तेव्हा छिन्नीखाली दाबून ठेवायचो, नजरेसमोर. आता ह्या पडद्यावर ठेवतो. काम अर्धं असताना कार्ड मिटवणारा मिस्त्री कसला?"

त्यात एखादं अक्षर लिहून ते तसंच सोडलं, की त्या कार्डाला आणि शेजारच्या दहा-बारांना कुलूप लागतं, आणि खिडकीवर उन्हात माणूस थांबतो, हे निमिषानं त्यांना सांगितलं. मग उरलेलंही सांगितलं. वजुभाईंनी हसुमतीबेनच्या खिडकीकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा तासणी हातात घेतली. झोपेचं विचारायचं निमिषाच्या जिभेवरच राहिलं.

बुधवारी एक वाजता ते हात धुऊन घरी गेले. दीड वाजता परत आले, डोक्यावर ओला पंचा आणि हातात ताकाची कळशी.

"बायको विचारत होती, भूकंप झाला का," ते म्हणाले. "आणा ते एकोणीस. आणि हसुबेन, तुम्ही वाचा. या पोरीचं अक्षर बारीक."

"अक्षर कॉम्प्युटरचं असतं, काका."

"असू दे, तेही बारीकच."

दोन दुपारी ते तिघं बसले. हसुमतीबेन नाव आणि नंबर वाचत, वजुभाई साचा हातात फिरवून बघत. "हा माणूस टाच आत टाकून चालायचा, हा सायल्याचा शंभुभाई. हा नव्हे." कधी कपाळाला हात लावून, "थांबा, ही ती, जिला लग्नात नाचायचंय." निमिषा कार्डं एका फाइलीत आणत गेली आणि दुसऱ्या धन्यांना नवे नंबर देत गेली. मधल्या वेळात तिनं फाइलीचंही दुखणं काढलं. फाइल आता कुणालाच उचलून नेता येणार नव्हती. प्रत्येकाला आपापली खिडकी, पण आत घर एकच. कुलूप एका वेळी एकाच कार्डाला. आणि कार्डावर एक नवी ओळ, 'चालायचा बाकी'. तेवढं लिहिलं की वजुभाईंना कार्ड मिटवता येई आणि अशा सगळ्यांची यादी दिवसभर त्यांच्या नजरेसमोर राही.

"म्हणजे मिटलं तरी मिटलं नाही," वजुभाईंनी खात्री करून घेतली. "मग माझ्या बापाची हरकत नसावी."

गुरुवारी संध्याकाळी मनहरभाई आले तेव्हा सत्तावीस कार्डं छापून टेबलावर होती आणि प्रत्येक कार्डावर त्याचा साचा. त्यांनी चार-पाच उचलून पाहिली. चेहरा निवळला. "सापडली म्हणा की. पण गेली कशी?"

मग हसुमतीबेन उभ्या राहिल्या. पदर दोन्ही हातांत घट्ट धरून त्यांनी सगळं सांगितलं, एकही वेळ न गाळता. मनहरभाई ऐकत गेले आणि त्यांचा आवाज चढला.

"एकोणीस वेळा? ठीक आहे, कॉम्प्युटर राहू दे. पण उद्यापासून या बेन कॉम्प्युटरला हात लावणार नाहीत. पाणी-चहा बघतील."

हसुमतीबेननी मान खाली घातली. चोवीस वर्षं नोकरी झाली होती त्यांची.

"नाही," निमिषा म्हणाली. आवाज तिचा तिलाच मोठा वाटला. "वजुकाकांनी कार्ड उघडं ठेवलं. मी चिठ्ठ्या जाळायला लावल्या, आणि दुपारी इथे काय होतं ते दोन वर्षांत एकदाही बसून पाहिलं नाही. घालवणारे आम्ही तिघंही आहोत, मनहरभाई. सांभाळून ठेवणाऱ्या या एकट्या. यांना खिडकीवरून काढायचं तर आधी मला काढा."

"आणि मला," वजुभाई म्हणाले. "मी दोन दिवस झोपलेलो नाही, मला चालेल."

मनहरभाईंनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग जिवीबेनचं कार्ड टेबलावर जागच्या जागी ठेवलं. "मग जुनं सांभाळायचं काम यांच्याचकडे द्या," ते कुरकुरत म्हणाले. "रोज संध्याकाळी एक नक्कल. आणि मला पाय दसऱ्याच्या आत हवेत." एवढं बोलून ते निघाले.

शुक्रवारी सकाळी हसुमतीबेन खिडकीवर बसल्या, पण लिहायला हात धजेना. निमिषा मागे येऊन उभी राहिली. बऱ्याच वेळानं त्यांनी जिवीबेनचं कार्ड उघडलं, गावाच्या पुढे वस्तीचं नाव लिहिलं, डोळे मिटले आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर काही बोलला नाही.

कार्यशाळेतून मात्र आरोळी आली.

"हसुबेन! तुम्ही तिथे लिहिलंत ते मला इथे दिसतंय!"

हसुमतीबेननी डोळे उघडले, नाकावरचा चष्मा सारखा केला आणि खुर्ची पुढे ओढली.

"दिसतंय ना? मग बघत काय बसलात," त्या ओरडल्या, "पाय करायला घ्या!"