सपाट की वाकलेलं

“पंधरा जण बसून आहेत आणि एकटा राबतोय,” ताई पडद्याकडे बोट दाखवत म्हणाल्या.

प्रयोगशाळेचे तरुण प्रमुख चहाचा कप घेऊन मागे उभे होते. पडद्यावर सोळा प्रोसेसरांच्या सोळा पट्ट्या होत्या. एकच हिरवीगार, बाकीच्या रिकाम्या.

“म्हणजे आपल्या ऑफिससारखंच,” प्रमुख म्हणाले. “पण काम तर सगळ्यांत सारखं वाटलंय ना?”

“मोजून सारखं वाटलं, तिथंच चुकलं. काही गणितं चुटकीसरशी सुटतात, काही जीव खातात. अवघड तेवढी सगळी याच्या पदरात पडली.”

ताई तिथं प्रोग्रॅमर होत्या. रेणूतले इलेक्ट्रॉन कसे वागतील आणि त्यामुळे रेणूचा आकार कसा असेल, हे गणितानं काढायचं, हे प्रयोगशाळेचं काम. एका रेणूसाठी कोट्यवधी छोटी गणितं करावी लागत. मूळ प्रोग्रॅम ताईंच्या सरांनी ऐन उमेदीत लिहिलेला. तो ही गणितं एकामागून एक करी. खरं तर बहुतेक गणितं एकमेकांवर अवलंबून नव्हती, एकदमच करता आली असती; पण तेव्हा तसं यंत्रच नव्हतं. आता ते आलं होतं, आणि सरांचा प्रोग्रॅम उसवून सोळा जणांत वाटायचं काम ताईंकडे आलं होतं.

त्यांनी आधीचं वाटपच काढून टाकलं. सगळ्या गणितांचा एक ढीग ठेवला. ज्याचं हातातलं संपेल त्यानं पुढचं उचलायचं. बरेच दिवस चुका निस्तरण्यात गेले. मग एका सकाळी सगळ्या पट्ट्या एकदम हिरव्या झाल्या, आणि एरवी आठवडा खाणारं उत्तर जेवणाच्या सुट्टीआधी हातात आलं.

“आता तुमच्या सरांचा तो रेणू घ्या,” प्रमुख सहज म्हणाले. “काहीही न वगळता, पूर्ण गणित.”

“सरांना विचारून सांगते,” ताई म्हणाल्या.

त्या रेणूवर सरांचं नाव झालं होतं. कड्याच्या आकाराचा छोटासा रेणू. तो सपाट आहे, असं सरांनी काढलं होतं. सरांचा एक मित्र होता, शिकताना दोघं एकाच खोलीत राहिलेले. त्याला सगळे लंबू म्हणत. तो भर परिषदेत उठून म्हणाला, “इलेक्ट्रॉन एकमेकांना चुकवत फिरतात, ते तू नीट धरलंच नाहीस. धरलंस तर कडं वाकेल.” तेवढं गणित त्या वेळच्या यंत्राला झेपणारं नव्हतं. दोघांचं बोलणं मात्र त्या दिवसापासून बंद झालं.

ताईंचा प्रबंध त्याच सपाट कड्यावर उभा होता. परीक्षक म्हणाले, आधी वाद मिटू दे. वाद मिटला नाही, मध्येच ताईंचे वडील अंथरुणाला खिळले, आणि प्रबंध राहून गेला. प्रोग्रॅमरची जागा मिळाली ती त्यांनी धरली. लंबूचं नाव निघालं की आजही त्यांच्या कपाळाला आठी पडे.

संध्याकाळी त्या सरांच्या घरी गेल्या. सरांना आता दिसत नव्हतं.

“लावू का गणित, सर?”

“अगं, विचारतेस काय? तेव्हा यंत्रात दम असता तर मीच लावलं असतं.”

“पण उलटं आलं तर?”

“तर उलटं आलं म्हणून सांगायला ये. फोनवर नको, समोर ये.”

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. ताईंनी सुरुवातीचा आकार बदलून पुन्हा लावलं. पुन्हा तेच. त्यांना वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. इतकी वर्षं ज्याच्यावर राग धरला तो माणूस बरोबर होता. आता या रागाचं काय करायचं, ते मात्र त्यांना कळेना. त्यांनी आपला कप विसळून ठेवला, पर्स उचलली आणि त्या सरांकडे निघाल्या.

“वाकलेलं आहे, सर.”

“नीट तपासलंस?”

“दोन वेगवेगळ्या आकारांपासून सुरुवात केली. तिथंच येतंय.”

“कितीसं?”

ताईंनी त्यांचा तळहात हातात घेतला आणि बोटं किंचित वर वळवली. “एवढं.”

सर त्या बोटांवरून दुसरा हात फिरवत राहिले. “बरंच आहे गं,” ते म्हणाले. मग थांबून, “तुझा प्रबंध माझ्यापायी बुडाला.”

“दिला असता तर चुकीचाच ठरला असता.” ताई म्हणाल्या. “पण मला द्यायचा होता, सर. चुकीचा तर चुकीचा.”

“माहीत आहे मला.”

मग सरांनी बायकोला, काकूंना, हाक मारली. “माझा इस्त्रीचा शर्ट काढ.”

“आता कुठं निघालात?”

“कुठं नाही. लंबूला फोन करायचाय.”

काकू जागच्या जागी थबकल्या. “फोनवर शर्ट कोण बघणार आहे?” त्या म्हणाल्या, पण आत जाऊन घेऊन आल्या. नंबरही त्यांच्याकडेच निघाला. कसा, ते कुणी विचारलं नाही.

ताईंनी नंबर लावून फोन सरांच्या हातात दिला आणि खुर्ची पुढे सरकवली. “बसून बोला की.”

सरांनी नकारार्थी मान हलवली. पलीकडे घंटी वाजत होती. गळ्यापर्यंत बटणं लावून, कशाचाही आधार न घेता ते ताठ उभे राहिले.

“लंबू,” ते म्हणाले, “वाकलेलं आहे.”