निंगव्वाची रातपाळी

शहात्तर साली गिरणीत खोलीभर कॉम्प्युटर आला आणि त्याच्यासोबत एक जाडजूड मॅन्युअल. यंत्रावर नेमलेल्या कारकून बाळासोला पहिलंच काम मिळालं ते कामगारांच्या यादीतून बाया वेगळ्या काढायचं, कारण बायांना रातपाळी लावायला कायद्यानं बंदी. ज्या नावात ‘आप्पा’, ‘राम’ किंवा ‘देव’ सापडेल तो गडी, उरल्या त्या बाया. झालं!

यंत्र हे पहिल्याच शब्दात शोधतं की अख्ख्या नावात, एवढंच कळायचं राहिलं होतं. मॅन्युअल म्हणालं, ‘शोध नेहमीच्या पद्धतीने घेतला जातो. नेहमीच्या पद्धतीसाठी पान बारा पाहा.’ पान बारावर छापलं होतं, ‘हे पान मुद्दाम कोरे ठेवले आहे.’

पहिल्याच शब्दात शोधत असेल, असा बाळासोनं अंदाज बांधला.

सोमवारी निंगव्वा सिद्धाप्पा तान्हं लेकरू कडेवर घेऊन दारात उभी.

“काय ओ, मला रातपाळी लावलीया. टाइमकीपर म्हनतो, तू गडी हायस.”

बाळासोनं यादी काढून पाहिली. यंत्राला तिच्या नवऱ्याच्या नावात आप्पा सापडला होता.

“त्याला लेकरू दाखवलं नाही?”

“दावलं की! म्हनला, गड्यांनाबी लेकरं असत्यात. वर मला पाळणाघरबी बंद केलं. ते म्हनं बायांच्या लेकरांचं. ह्यांचीबी रातपाळीच हाय, आता अंगावरचं लेकरू कुटं ठिवू?”

बाळासो तिला घेऊन साहेबांकडे गेला. चूक आपली, हेही सांगितलं.

“यादी मुंबईला गेली. महिनाभर यंत्र मोकळं नाही,” साहेब म्हणाले. “नावातली दुरुस्ती तेवढी हातानं चालते. असं करा, नवऱ्याचं नावच काढा. आप्पा गेला की ही बाई.”

“पण सर, तो रकाना रिकामा ठेवला तर विधवा लिहावं लागतं.”

“लिहा. महिन्याचाच प्रश्न आहे.”

“जित्या मानसाला मारू व्हय?” निंगव्वा म्हणाली. “नगं. मी गडीच बरी.”

साहेबांना प्रश्न मिटल्यासारखा वाटला.

संध्याकाळच्या भोंग्याला नवरा-बायको फाटकाशी आले. वॉचमननं निंगव्वाचं नाव यादीत पाहून तिला सोडलं, लेकराला अडवलं. बाळासो नेमका घरी निघाला होता. निंगव्वानं लेकरू त्याच्या हातात दिलं.

“सकाळपतुर बघा. भुकंला लई कच्चं हाय.”

“अहो, पण मी त्याला देऊ काय?”

तोवर दोघं गडी आत गेले होते. लेकरानं बाळासोच्या सदऱ्यात तोंड खुपसलं, या अंगाला शोधलं, त्या अंगाला शोधलं, आणि टाहो फोडला.