शत्रूची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि युद्धात मी शत्रूच्या बाजूने होते. दचकू नका, तसं मला आपल्याच साहेबांनी सांगितलं होतं.

सुताराने मला घडवलं ते दवाखान्यासाठी. माझ्यावर बसून माणसं आपला नंबर यायची वाट बघत. मग युद्ध आलं आणि मला बंदरावरच्या एका कचेरीत नेलं. शत्रू कुठून चढाई करील, कुठे घातपात करील, याचा अंदाज बांधणं हे तिथलं काम. साहेबांचा एक नियम होता. माझ्यावर जो बसेल त्याने शत्रूच्या डोक्याने विचार करायचा, आणि तो कितीही वाकडं बोलला तरी कोणी रागवायचं नाही.

बहुतेक वेळा साहेबांचा मेहुणाच बसे. तो नकाशे काढायचा. नकाशावर मुंगी चढली तर तिला कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडणारा जीव. पण माझ्यावर टेकला की हसत हसत पूल उडवायचा, साहेबांची मोटारही पळवायचा.

"शत्रूला चहा देऊ नका रे," साहेब म्हणायचे आणि स्वतःच कप पुढे सरकवायचे.

एका सकाळी फोन आला. उत्तरेच्या गावात तेलाचं कोठार पेटवलं होतं, बोटींचा धक्का सुरुंगाने उडवला होता. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांची बायको आणि मुलं त्याच गावात होती.

"सगळी फौज उत्तरेला धाडा," ते म्हणाले.

मेहुणा येऊन माझ्यावर बसला. आज त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. बहीण त्याचीच ना.

"दाजी, मी शत्रू. मला फार आनंद झालाय. जा तुम्ही सगळे."

"ही थट्टेची वेळ आहे का?"

"मला तिथे उतरायचं असतं तर धक्का मोडला असता का? रणगाडे काय पोहत आणू? आग लावली ती तुम्ही तिकडे धावावं म्हणून. तुम्ही गेलात की मी इथे, याच बंदरात उतरणार."

"आणि तुझी ताई?"

"शत्रूला ताई नसते," तो म्हणाला आणि रडू लागला.

लाकडाला हात जोडता येत नाहीत, मित्रांनो. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत राहिले. साहेबांनी नकाशावर उत्तरेचा धक्का आणि आपलं बंदर बोटाने ताडून पाहिलं. मग त्यांनी आगीचे बंब आणि एक तुकडी उत्तरेला पाठवली. बाकी फौज जागची हलली नाही.

दुपारी शत्रूची जहाजं आली ती आमच्याच बंदरासमोर. किनाऱ्यावर तोफा तयार दिसल्या, तशी तोंड फिरवून निघून गेली.

पुढे रस्ता मोकळा झाला तेव्हा ताई मुलांना घेऊन कचेरीत आली. केसांना अजून धुराचा वास. दमून माझ्यावरच बसली. भावाने खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

"तुमचे बंब येईपर्यंत कोठार आम्हीच विझवलं," ती म्हणाली. "अख्खा गाव वाळूच्या पाट्या वाहत होता. तुमची सगळी फौज आली असती तर उगाच पायात पाय." मग तिने भावाचा कान धरला. "पण शत्रूला ताई नसते, हे कोण म्हणालं?"

"मी नाही गं ताई, ही खुर्ची म्हणाली."

साहेब इतके हसले की डोळे पुसावे लागले.

आता मी एका शाळेच्या वाचनालयात असते. मित्रांनो, मला मागच्या पायांवर झुलवू नका, माझे सांधे दुखतात. मात्र कुणाशी भांडण झालं, तर जरूर येऊन बसा आणि घटकाभर समोरच्याच्या डोक्याने विचार करून बघा. वाकडं बोललात तरी चालेल. खुर्चीच म्हणाली, असं खुशाल सांगा.