पहिला चिरा कुणी द्यायचा?

मी एक जुनी विळी आहे आणि माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. मित्रांनो, तुमच्यावरही अजून बसलेला नाही. तुमच्यातले निम्मे मला पायानं सरकवणारे असणार, आणि उरलेल्यांनी मला कधी पाहिलेलंच नसणार. तरी ऐका.

मुरगूडच्या गुंडू लोहारानं ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून माझं पातं घडवलं आणि बाभळीच्या पाटावर मला बसवलं. आकारामनं मला बाजारात उलटंपालटं करून पाहिलं, नखावर धार तपासली आणि शाहूपुरीत आपल्या बायकोच्या, आक्काताईच्या हातात दिलं. आक्काताईची खानावळ होती. सकाळी सहाला ती माझ्या पाटावर पाय ठेवून बसली, की दहापर्यंत कांदे, वांगी, कोबी, मेथी यांचे ढीग उपसायची. "हिच्यासारखी विळी पेठंत न्हाय," असं ती आल्यागेल्याला सांगायची. ऐकून बरं वाटायचं, नाही असं नाही. पण लगेच मनात यायचं, ही एवढं गोड बोलतेय म्हणजे उद्या आणखी दोन पोती कांदे असणार.

पुढे आकाराम गेला. बऱ्याच वर्षांनी आक्काताईचे गुडघेही गेले. खाली बसणं होईना, तशी खानावळ बंद पडली. मला मोरीशेजारी भिंतीला टेकवून ठेवलं. पात्यावर गंज चढला, पाटाखाली झुरळांनी बिऱ्हाड थाटलं. आणि ओट्यावर आली सुरी. प्लास्टिकच्या मुठीची, चार महिन्यांत बोथट होणारी. तिच्याशी मी आजवर एक शब्द बोललेली नाही.

एके दिवशी आक्काताईच्या लेकीनं, स्नेहलनं, त्या सुरीच्या वर भिंतीला एक कागद चिकटवला आणि मोठ्यानं पाठ करायला लागली. "चॉप म्हणजे जाडसर तुकडं. स्लाइस म्हणजे पातळ काप. डाइस म्हणजे सारख्या चौकोनी फोडी. मिन्स म्हणजे एकदम बारीक, लसूण करतोय तसं. श्रेड म्हणजे लांब लांब, कोबी चिरतोय तसं."

मला वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. साधं कापायचं काम, त्याला पाच-पाच नावं कशाला? ज्याला काही लपवायचं असतं, तोच इतकी नावं घेऊन फिरतो.

आक्काताईलाही तेच वाटलं असावं. खाटेवरून ती म्हणाली, "कट म्हटलं की झालं की. येवढं कशाला?"

"आई, तू भाजी चिरतीस, खोबरं खवतीस, ऊस तोडतीस, पेन्सिल तासतीस. मग? त्यांचं बी तसंच हाय. केस जरा कमी करायचं तर ट्रिम. मेंढीची लोकर काढायची तर शिअर. लाकडावर नक्षी काढायची तर कार्व्ह. एकाच्या जागी दुसरं म्हटलं की माणसं हसत्यात."

मला ते पटलं. पण पटलंय असं मी दाखवलं नाही.

खरी गोष्ट अशी होती, की हायवेवरच्या नव्या हॉटेलात भाजी कापायला माणूस हवं होतं. खानावळ गेल्यापासून या मायलेकींना पक्कं काम असं नव्हतंच. स्नेहल कधी दुकानात उभी राहायची, कधी कुणाच्या डब्यांना हातभार लावायची. ही नोकरी लागली तर घर मार्गी लागणार होतं. बुधवारी परीक्षा होती. शेफ इंग्रजीत सांगणार आणि तिनं तसं कापून दाखवायचं.

मंगळवारी तिनं मला बाहेर काढलं, राखेनं घासलं आणि धारवाल्याकडून धार लावून आणली. मी ओळखलं, भंगारात घालायच्या आधी वजन बघताहेत. बुधवारी तिनं मला पोत्यात गुंडाळलं तेव्हा तर खात्रीच पटली. पण ती आईला म्हणाली, "जाऊन येतो. सुरीवर हात न्हाय बसला, तर हिच्यावर चिरून दावतो." आमच्याकडच्या बायका अशाच, 'येतो'च म्हणतात.

हॉटेलात मला टेबलाखाली ठेवलं. पोत्याच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. उदयसिंह नावाचा शेफ कागद घेऊन उभा होता. चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. असल्या माणसानं आधीच आपला माणूस ठरवलेला असतो, बाकीच्यांना नुसतं नाचवतो, असा माझा अंदाज. तो एकेक शब्द सांगत गेला आणि स्नेहल घरून आणलेल्या त्याच सुरीनं सपासप कापत गेली. एकदाही चुकली नाही. मग त्यानं एक अख्खा लाल भोपळा पुढं ठेवला आणि म्हणाला, "वेजेस."

म्हणजे कलिंगडाच्या करतात तशा खापा. स्नेहलला शब्द येत होता. पण तिचा हात हलेना.

मला कारण ठाऊक होतं. आमच्या घरात अख्खा भोपळा बाई फोडत नाही. पहिला चिरा पुरुषानं द्यायचा, मग बाईनं पुढं कापायचं. बाईनं दिला तर घरावर संकट येतं, असं म्हणतात. आकाराम होता तोवर तो द्यायचा. तो गेल्यावर आक्काताई शेजारच्या कृष्णातची वाट बघायची. तो कामावरून येईपर्यंत भोपळा तसाच, मी तशीच आणि चुलीवरचं आधणही तसंच.

"शब्द कळला न्हाय?" शेफनं पेन उघडलं.

"कळलाय. आमच्यात पहिला चिरा बाई देत न्हाय."

झालं, गेली नोकरी, मी म्हटलं. आता हा हसणार आणि उद्या साऱ्या हॉटेलात सांगत सुटणार. पण तो हसला नाही.

"आमच्यात बी न्हाय देत," तो हळूच म्हणाला आणि हात पुढं केला. "आणा सुरी. मी देतो."

स्नेहलनं सुरी दिली नाही. "सर, रोज भोपळा आला तर रोज तुमाला हाक मारू काय?" असं म्हणून तिनं पातं भोपळ्यावर टेकवलं आणि अंगाचा सगळा भार दिला. भोपळा कडकन उकलला. तिच्या कपाळावर घाम आला होता, पण खापा सारख्या पडल्या.

शेफनं एक खाप उचलून पाहिली, मग पोत्यातून डोकावणाऱ्या माझ्या पात्याकडं बघितलं. "सोमवारपास्नं या. आणि ती विळी घरातच राहू दे."

घरी आल्यावर आक्काताईनं लेकीच्या हातावर साखर ठेवली. काय काय चिरायला लावलं, हे खोदून खोदून विचारलं. स्नेहल भोपळ्यापर्यंत आली आणि थांबली.

"पहिला चिरा कुणी दिला?"

"मीच."

 आता आक्काताई घर डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. कृष्णात जोतिबाला गेलेला, म्हणून खाटेखाली चार दिवस एक भोपळा पडून होता. आक्काताईनं तो मागून घेतला. मग भिंतीला धरत, कण्हत, ती खाली बसली. सहा वर्षांनी तिचा पाय माझ्या पाटावर पडला. दोन्ही हातांनी तिनं भोपळा माझ्या पात्यावर रेटला आणि मी तो चिरला.

तिनं दोन्ही भकलं उलटीसुलटी करून पाहिली.

"कायबी झालं न्हाय," ती म्हणाली आणि रडायला लागली. "वीस वर्सं नुसती वाट बघत बसलो, पोरी."

मित्रांनो, मी सुरीवर संशय घेतला, इंग्रजी शब्दांवर घेतला, शेफवर घेतला, पोटच्या पोरीसारख्या स्नेहलवरही घेतला. त्या एका नियमावर मात्र कधी घेतला नाही, कारण तो आपल्याच घरातला होता. त्याची मला लाज वाटते. तुम्ही जुन्या वस्तू घासूनपुसून जपा, आम्हाला गंजू देऊ नका. पण घरात कुणी कशाची वाट बघत बसलेलं दिसलं, तर जवळ जाऊन विचारा, का बसलीयस म्हणून.