शेवटचं होल

अमृतरावांनी मारलेला चेंडू पुन्हा चिंचेच्या झाडांत गेला.

“काहून हो मामा? आज हात बसून न्हाई राहिला?” जावयानं, शिवशंकरनं विचारलं.

“सापडंल.” ते झाडीत शिरले. चेंडू समोरच पाचोळ्यावर पांढरा दिसत होता. ते दुसऱ्याच बाजूला वाकून शोधत राहिले.

हिंगोलीच्या छावणीतलं हे गोल्फचं मैदान निजामाच्या काळातलं. फौजेतून सुभेदार होऊन परतल्यावर अमृतरावांनी इथंच आपल्या लेकीला, प्रियदर्शनीला, खेळ शिकवला होता. लग्नानंतर तिनं तो नवऱ्याला शिकवला. कावीळ होऊन ती गेली. तिची लेक सृष्टी तेव्हा रांगत होती. ती आजोळीच वाढली. शिवशंकर नांदेडहून येई, लेकीला भेटे, सासऱ्यांबरोबर एक डाव खेळे.

आज आल्याआल्या त्यानं मान खाली घालून सांगितलं होतं. दुसरं लग्न झालं, बदली पुण्याला झाली. डाव झाला की पोरीला घेऊन निघणार. अमृतरावांच्या पत्नी आशाबाई नातीचे कपडे पिशवीत भरायला आत गेल्या होत्या.

शेवटच्या होलपाशी अमृतरावांचा चेंडू वीतभर अंतरावर येऊन थांबला. त्यांनी गोल्फची काठी चेंडूला हलकेच टेकवली. चेंडू बाजूनं निघून गेला. ते पलीकडे गेले, कितीतरी वेळ वाकून उभे राहिले. पुन्हा चुकला.

“मामा, ऊन वाढून राहिलं. पल्ला लांबचा हाय.”

“खेळू द्या की. येवढं एकच तर राहिलं.”

शिवशंकरनं तोंड फिरवलं. तिसऱ्यांदाही चेंडू होलच्या कडेनं पुढं गेला.

तेवढ्यात आशाबाईंचा हात सोडून सृष्टी पळत आली. अंगात नवा फ्रॉक, केसांना चापून तेल.

“आबा, किती येळ लावायले तुमी!”

तिनं चेंडू मुठीत उचलला, होलात टाकला आणि टाळी वाजवली.

“गेला! चला बाबा, गाडीत मी पुढं बसणार.”

ती फाटकाकडं पळाली. शिवशंकरनं होलात हात घालून चेंडू काढला, रुमालानं पुसला आणि सासऱ्यांपुढं धरला.

अमृतरावांनी काठी जमिनीवर टेकवली. तिच्यावर दोन्ही हात ठेवले, आणि ते तसेच उभे राहिले.