अण्णांचा होकार

"आप्पाजींच्या सोबतचे अटेंडर कोण? आत या, लवकर!"

कॅथलॅबच्या दारातून सिस्टरनं हाक मारली तशी कस्तुराबाई सवयीनं बाजूला सरली आणि तिचे थोरले दीर, श्रीरंग अण्णा, उठले. राजाजीनगरातलं दोघा भावांचं शिलाईचं दुकान असो की घर, अण्णांच्या शब्दाबाहेर काही चालत नसे. घरात मूलबाळ नाही, मग कस्तुराबाईला विचारणार तरी कोण? आणि खरं सांगायचं तर तिनंही कधी तोंड उघडलं नव्हतं. आज स्ट्रेचरवरून आत जाताना आप्पाजींनी बायकोला बजावलं होतं, "काही विचारलं तर अण्णांना पुढं कर. तू मधे पडू नको."

अण्णा आत गेले आणि लगेच बाहेर आले. चेहरा पांढराफटक. बाकावर मटकन बसले.

"काय झालं, अण्णा?"

"मला बघवत नाही गं. धाकटा माझा तो. मी हो म्हटलं आणि काही झालं तर? नको म्हटलं आणि झालं तर? तू जा. माझ्याच्यानं होत नाही."

एवढा करडा माणूस, पण बाकावरून उठायला तयार नव्हता. कस्तुराबाईला रागही आला आणि कीवही आली. पदर खोचून ती आत गेली.

डॉक्टर क्षमांनी तिला मॉनिटरच्या पडद्याजवळ उभं केलं आणि कन्नडमध्ये सांगू लागल्या. "अम्मा, बाहेरून काढलेल्या फोटोत हृदयाची नळी नुसती चिंचोळी दिसत होती. म्हणून बारीक तारेवरून आत कॅमेरा सोडून बघितलं. हे पांढरं कडं दिसतंय? हा चुना, म्हणजे साचलेलं कॅल्शियम. नळीला सगळीकडून आवळून बसलाय. तसाच स्टेंट बसवला तर अर्धाच उघडेल."

"मग?"

"आधी चुना घासून काढायचा, मग स्टेंट. घासताना नळी फाटायची भीती असते. थोडी, पण असते. नाहीतर आज थांबू. पुढं बायपास करता येईल, पण त्यांची फुप्फुसं बघता ते त्यांना झेपेल असं वाटत नाही."

"नळी फाटली तर माणूस जातो?"

"जाऊ शकतो."

"आणि चुना तसाच ठेवला तर?"

"तरी धोका आहेच. आज नाही, उद्या."

कस्तुराबाईनं दाराकडं बघितलं. देवा रे, कुणाला विचारू? विचारायला कुणीच नव्हतं.

"काढा," ती म्हणाली. "पण आधी त्यांच्याशी एक शब्द बोलू द्या."

आप्पाजी जागेच होते. काचेपलीकडे हिरव्या चादरीखालून त्यांचे तळवे तेवढे दिसत होते. सिस्टरनं माइक पुढं केला.

"अहो, मी."

"तू? अण्णा कुठं आहेत? अण्णा काय म्हणतात?"

आवाज घाबरलेला होता. मी ठरवलं म्हणून सांगितलं तर हा माणूस टेबलावर स्वस्थ पडणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"अण्णांनी हो म्हटलंय. आत चुना साचलाय, तो काढणार आहेत. हलू नका, म्हणाले."

"सरी, बरं तर," आप्पाजी म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले.

बाहेर अण्णांनी विचारलं, "काय सांगितलंस?"

"तुम्ही हो म्हटलंय म्हणून."

अण्णांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कस्तुराबाई दार उघडेपर्यंत भिंतीला टेकून उभीच होती. डॉक्टर हसऱ्या चेहऱ्यानं बाहेर आल्या. पुन्हा कॅमेरा घालून बघितलं, स्टेंट पूर्ण उघडलाय, म्हणाल्या. तेव्हा कुठं ती रडली.

संध्याकाळी वॉर्डात आप्पाजींनी अण्णांचा हात धरून डोळ्यांना लावला. "तुम्ही धीर धरलात म्हणून वाचलो, अण्णा. हिच्यावर सोडलं असतं तर रडत बसली असती."

"अरे आप्पा, मी..." अण्णा खरं काय ते सांगायला लागले.

कस्तुराबाईनं त्यांच्याकडं बघत 'नको' म्हणून हळूच मान हलवली. तिला वाईट वाटलं. का वाटू नये? जन्मात एकदा तिनं स्वतःच्या मनानं काही ठरवलं होतं आणि ते बरोबर ठरलं होतं. पण आप्पाजींच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला होता.

"निरोप मात्र चोख आणलास हो," ते तिला म्हणाले.

"हं. तोंड उघडा," म्हणत तिनं गंजीचा, तांदळाच्या पातळ पेजेचा, चमचा पुढं केला. अण्णा उठून खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहून कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले.